कोंबड्या-बदकांमधले फ्ल्यूक आणि डीएनएवरून त्यांची ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, कुही, मौदा, उमरेड आणि पलीकडे भंडाऱ्याच्या तलावांपर्यंतच्या पट्ट्यात गावरान कोंबड्या आणि बदकं पाळणारे लोक, शिवाय व्हेटर्नरी आणि झूऑलॉजीची पोरं-पोरी, मला फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. पहिले प्रश्न पाळणाऱ्यांचे आहेत, आठव्यापासून लॅबवाल्यांचे, पण सगळ्यांनी सगळं वाचलं तर चांगलंच.

१. फ्ल्यूक म्हणजे नेमकं काय? आम्ही तर सगळ्याला जंतच म्हणतो.

जंत म्हणा, हरकत नाही, पण त्यात तीन वेगळे प्रकार येतात आणि तिघांचं औषध एक नाही. गोल दोऱ्यासारखे असतात ते गोलकृमी, फितीसारखे लांब आणि तुकड्या-तुकड्यांचे असतात ते टेपवर्म, आणि पानासारखा किंवा भोपळ्याच्या बीसारखा चपटा, तुकडे नसलेला, तो फ्ल्यूक, मराठी पुस्तकांत याला पर्णकृमी म्हणतात. त्याला चिकटायला बहुतेक वेळा दोन चूषक असतात, एक तोंडाशी आणि एक पोटाकडे. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं दिसलं की लोक फ्ल्यूक फ्ल्यूक करतात, पण ते बहुतेकदा टेपवर्मचे तुकडे असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्ल्यूक कोंबडीतून कोंबडीत सरळ जात नाही. त्याला मधे गोगलगाय लागतेच, आणि काही जातींना तिच्यानंतर अजून एक प्राणी लागतो.

२. कोंबडीच्या अंगात हा नेमका कुठे राहतो? यकृतातच ना?

नाही. यकृतातला फ्ल्यूक आपण गायी-म्हशी-शेळ्यांमुळे ओळखतो म्हणून तसं वाटतं. कोंबड्या-बदकांत प्रत्येक जातीची जागा ठरलेली असते. प्रोस्थोगोनिमस अंडनलिकेत आणि लहान पिल्लांच्या बर्सात (मागच्या छिद्राजवळची पिशवी), एकिनोस्टोमा आतड्यात, पोस्टहार्मोस्टोमम आंधळ्या आतड्यात, फिलोफ्थाल्मस डोळ्याच्या पापणीखाली, ट्रॅकिओफिलस बदकाच्या श्वासनळीत, तनाइसिया मूत्रपिंडात, ट्रायकोबिलहार्झिया रक्तवाहिन्यांत, आणि कोलिरिक्लम तर चामडीखाली गाठी करून, एका गाठीत बहुतेक वेळा दोन किडे. म्हणून किडा सापडला की पहिले लिहून ठेवा तो कुठल्या अवयवात सापडला. तेवढ्यानंच अर्धी ओळख होते.

३. माझ्याकडे पिंजऱ्यातले लेयर आहेत, मला भीती आहे का?

जवळपास नाही. पिंजऱ्यातली कोंबडी ना गोगलगाय खाते ना चतुर. हा मोकळं चरणाऱ्या पक्ष्यांचा प्रश्न आहे, आणि आपल्या पूर्व विदर्भात धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, बोड्या इतक्या आहेत की परसातल्या कोंबड्यांना आणि बदकांना गोगलगायी बारा महिने नाही तरी सात-आठ महिने सहज सापडतात.

४. कोंबडी बिनकवचाचं लिबलिबीत अंडं देतेय, म्हणजे अंडनलिकेतला फ्ल्यूकच ना?

घाई करू नका. पातळ कवचाची कारणं बरीच आहेत, चुन्याची कमतरता, ड जीवनसत्त्व कमी, इन्फेक्शस ब्राँकायटिससारखे व्हायरस, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की कोंबडी धापा टाकते त्यानंही कवच पातळ पडतं. फ्ल्यूकचा संशय कधी घ्यायचा तर कोंबड्या तलावाकाठी किंवा बांधीत चरत असतील, पावसाळ्यात-पोळ्याच्या आसपास त्रास सुरू झाला असेल, चांगल्या खाद्यावर असूनही अंडी घटली असतील, मागून चुन्याच्या पाण्यासारखा स्राव येत असेल. क्वचित अंड्याच्या आतच किडा सापडतो. खात्री मात्र मेलेल्या कोंबडीची अंडनलिका उघडून पाहिल्यावरच होते, तिथे आठ-नऊ मिलिमीटरचा, नासपतीच्या आकाराचा, लालसर चपटा किडा दिसतो.

५. दुकानातून जंताचं औषध आणून पाजलं तरी गेला नाही, काहून?

कारण दुकानात जंताचं म्हणून जे हाती पडतं ते बऱ्याचदा पायपेराझिन असतं, आणि ते मोठ्या गोलकृमीवर चालतं, फ्ल्यूकला त्याचं काही होत नाही. लेव्हामिसोलचंही तेच, ते गोलकृमीचंच औषध. फ्ल्यूकवर प्राझिक्वान्टेल वापरतात, पण डोस आणि त्यानंतर किती दिवस अंडी-मांस विकायचं नाही हे तुमच्या पशुवैद्यकालाच विचारा. आणि औषधानं आजचा किडा मेला तरी बांधीतल्या गोगलगायी तिथेच आहेत, उद्या परत तेच. खरा उपाय प्रश्न ७ मध्ये.

६. अशी कोंबडी किंवा अंडं खाल्लं तर माणसाला होतो का?

कोंबडीच्या अंगातला मोठा किडा पोटात गेला म्हणून तो माणसात घर करत नाही, कारण बाधा करणारी अवस्था ती नाहीच. बाधा होते ती गोगलगायीत, बेडकाच्या पिल्लात, चतुरात बसलेल्या पुटीपासून (म्हणजे कवचात बंद होऊन बसलेलं किड्याचं पिल्लू). एकिनोस्टोमाच्या काही जाती माणसात होतात, पण अर्धकच्च्या गोगलगायी किंवा तसंच काही खाणाऱ्यांत. आपलं सावजी चिकन ज्या आचेवर शिजतं तिथे हा प्रश्नच उरत नाही. किडा असलेलं अंडं फेकून द्या, आणि बाकीची उकडून खा.

७. किडा दिसला, फ्ल्यूक आहे हे कळलं, आता त्याची जात डीएनएवरून काढून मला शेतकऱ्याला काय मिळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि योग्यच आहे. उत्तर असं, की जात कळली की मधला प्राणी कळतो, आणि साखळी तोडायची असते ती तिथे.

प्रोस्थोगोनिमस असेल तर त्याची गोष्ट अशी: विष्ठेतलं अंडं पाण्यात, तिथून बिथिनिया गटातल्या छोट्या, तोंडाला झाकण असलेल्या गोगलगायीत, तिथून चतुराच्या पाण्यातल्या अळीत, आणि अळीचा चतुर झाला तरी पुटी आत तशीच राहते. आपण लहानपणी ज्याला हेलिकॉप्टर म्हणून शेपटीला दोरा बांधायचो तोच हा चतुर. पहाटे दवानं पंख ओले असले की त्याला उडता येत नाही आणि कोंबडी त्याला टिपते. म्हणजे इथे उपाय काय, तर पावसाळ्यात आणि त्यानंतर सकाळी ऊन पडेपर्यंत कोंबड्या पाण्याकाठी सोडायच्या नाहीत. एवढंच. फुकटात होतं.

आता पोस्टहार्मोस्टोमम असेल तर पाण्याचा संबंधच नाही, त्याच्या दोन्ही मधल्या पायऱ्या जमिनीवरच्या गोगलगायींत होतात, म्हणजे पावसात खुराड्याभोवती, शेणखताच्या ढिगाखाली, भाजीच्या वाफ्यात फिरणाऱ्या गोगलगायी वेचायला लागतील, तलावापासून कोंबड्या कितीही लांब ठेवल्या तरी उपयोग नाही. एकिनोस्टोमा असेल तर पाण्यातल्या गोगलगायी आणि बेडकाची पिल्लं, जी बदकं आवडीनं खातात. आणि डोळ्यातला फिलोफ्थाल्मस असेल तर त्याला दुसरा प्राणी लागतच नाही, तो गोगलगायीतून निघून शेवाळावर, शंखावर, कशावरही पुटी करून बसतो आणि पक्ष्याच्या तोंडातून वर डोळ्यापर्यंत जातो.

चार किडे, चार वेगळे बंदोबस्त. चुकीच्या नावावर केलेली मेहनत वाया जाते, म्हणून मी नावासाठी इतकी भांडते.

८. मायक्रोस्कोपखाली बघून नाव सांगता येत नाही का? आमचे सर तर कार्माइननं रंगवून सांगतात.

येतं, आणि ते आलंच पाहिजे. प्रोस्थोगोनिमसचं जननछिद्र पार पुढे तोंडाच्या चूषकाशेजारी उघडतं, नावाचा अर्थच तो. एकिनोस्टोमाच्या गळ्याभोवती काट्यांची कॉलर असते. एवढ्यावरून वंश कळतो.

अडतं ते जातीपाशी. किडा जिवंत असताना आकसतो-पसरतो, दाबून फिक्स केला तर रुंद दिसतो, कोंबडीत वाढला तर एक माप आणि बदकात वाढला तर दुसरं, आणि अशा फरकांवरून जुन्या काळी नवीन नवीन जाती लिहिल्या गेल्या. उलटही होतं, दिसायला अगदी सारखे पण डीएनएनं दूरचे. म्हणून डीएनए आणि मायक्रोस्कोप हे एकमेकांच्या बदल्यात नाहीत, दोन्ही एकाच किड्यावर करायचे (कसं ते प्रश्न ११).

९. डीएनएवरून वर्गीकरण म्हणजे नेमकं करतात काय? आणि कुठला जीन घ्यायचा?

किड्याचा छोटा तुकडा घेऊन डीएनए काढतात, पीसीआरनं ठरलेला एक भाग लाखो-कोटी प्रतींत वाढवतात, तो सिक्वेन्सिंगला पाठवतात, आणि आलेली ए-टी-जी-सीची ओळ बाकीच्या जातींच्या ओळींशी जुळवून झाड काढतात. सँगर पद्धत १९७७ची आहे, पण एक-दोन जीनसाठी आजही तीच सगळ्यात सोयीची, एका बाजूनं सातशे-आठशे अक्षरं स्वच्छ मिळतात.

जीन कुठला हे प्रश्नावर ठरतं. २८एस (पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमचा एक जीन) हळू बदलतो, म्हणून कुळ आणि वंश ठरवायला तो, त्याचा डी१ ते डी३ हा भाग घेतात. आयटीएस १ आणि आयटीएस २ (रायबोसोमच्याच जीन्सच्या मधले तुकडे) मधल्या वेगानं बदलतात, त्यामुळे जात ओळखायला उपयोगी, पण फार जवळच्या जातींत ते इतके सारखे निघतात की फरकच दिसत नाही. मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीच्या ऊर्जाघराचे) सीओआय आणि एनडी१ हे जीन सगळ्यात झपाट्यानं बदलतात, जवळच्या जाती आणि एकाच जातीतले भाग वेगळे काढायला हेच, आणि एकिनोस्टोमाच्या गटात तर एनडी१वरच सगळ्यात जास्त काम झालंय, म्हणजे तुलनेला सिक्वेन्स मिळतात.

माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा २८एस आणि एनडी१ अशी जोडी घ्या, एक हळू एक जलद. फक्त सीओआय करून थांबू नका. पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये बारकोडिंगची, म्हणजे एकाच ठरलेल्या जीनवरून जात ओळखायची, कल्पना सीओआयवर मांडली आणि ती बऱ्याच प्राण्यांत मस्त चालते, पण १९९४चे प्रसिद्ध फोल्मर प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते पीसीआरला दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) चपट्या कृमींवर वारंवार फेल होतात आणि पोरं दोन-दोन महिने तापमान बदलत बसतात. फ्ल्यूकसाठी बनवलेले प्रायमर घ्या.

१०. मग डीएनएच्या झाडात आपले हे सगळे फ्ल्यूक कुठे बसतात?

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. आधी अवयवावरून विचार करा, आतड्यातले आतड्यातले जवळचे, रक्तातले वेगळे, डोळ्यातला अजून वेगळा, असंच वाटतं ना? डीएनए तसं म्हणत नाही.

२००३ मध्ये ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १८एस (२८एसचाच भाऊबंद जीन) आणि २८एस घेऊन १६३ प्रकारच्या डायजेनिया (आपले हे सगळे फ्ल्यूक ज्या गटात येतात तो) फ्ल्यूकचं झाड काढलं आणि त्यात दोन मोठ्या फांद्या पडल्या, डिप्लोस्टोमिडा आणि प्लॅजिऑर्किडा. आता बघा, कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातला पोस्टहार्मोस्टोमम ज्या ब्रॅकिलेमिड कुळात येतो ते पडलं पहिल्या फांदीवर, म्हणजे तो रक्तातल्या ट्रायकोबिलहार्झियाच्या बाजूचा निघाला, शेजारच्याच आतड्यात राहणाऱ्या एकिनोस्टोमाच्या बाजूचा नाही. आणि एकिनोस्टोमाच्या महाकुळात कोण कोण आहे तर डोळ्यातला फिलोफ्थाल्मस, बदकाच्या श्वासनळीतला ट्रॅकिओफिलस, आणि आपल्या गायी-म्हशींच्या यकृतातला फॅसिओला. म्हणजे म्हशीचा यकृतातला किडा बदकाच्या आतड्यातल्या किड्याचा चुलतभाऊ, आणि कोंबडीच्या अंडनलिकेतला प्रोस्थोगोनिमस त्या दोघांना दूरचा. राहण्याची जागा बदलते, रक्ताचं नातं नाही बदलत.

११. नमुना कसा ठेवायचा? फॉर्मेलिनमध्ये ठेवलाय, चालेल ना?

नाही चालणार, आणि हे मी स्वतः भोगलंय. शिकत असताना उमरेडकडच्या एका वाडीतून बदकांचे बावीस किडे जमा केले होते, सवयीनं सगळे फॉर्मेलिनमध्ये टाकले, आणि पीसीआरला एकही बँड (वाढलेल्या डीएनएची पट्टी) आला नाही. फॉर्मेलिन डीएनए आणि प्रोटीन एकमेकांना जखडून टाकतं आणि डीएनएचे तुकडे पाडतं. ते किडे परत मिळाले नाहीत, पुढच्या पावसाळ्यात वाडीत बदकंच नव्हती.

तर असं करा. किडा सलाइनमध्ये दोन-तीनदा धुवा म्हणजे त्याच्यावरचं कोंबडीचं रक्त-शेंबूड जाईल. थोडा वेळ सलाइनमध्येच राहू द्या, पोटातलं ओकून टाकतो. मग कडेचा छोटा तुकडा कापून ९५ टक्क्यांच्या वरच्या शुद्ध इथेनॉलमध्ये, आणि उरलेला पूर्ण किडा गरम सलाइननं मारून ७० टक्के इथेनॉलमध्ये, रंगवून स्लाइड करायला. दोन्ही बाटल्यांवर एकच नंबर. हा उरलेला किडा म्हणजे व्हाउचर, उद्या कुणी विचारलं की ही सिक्वेन्स कुणाची, तर दाखवायला किडा पाहिजे. सॅनिटायझर किंवा मिथिलेटेड स्पिरिट नको. लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेरची शाई इथेनॉलनं पुसली जाते. त्यावर तारीख, गाव, पक्षी, अवयव. बाटली फ्रीजमध्ये.

ताजा किडा कुणाला दाखवायचा कळत नसेल तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात पॅरासाइटोलॉजी विभाग आहे, तिथे आधी दाखवा.

१२. कोंबडी मारायची नाही, विष्ठेतल्या अंड्यांवरून जात कळेल का?

काही वेळा. फ्ल्यूकची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवायची पद्धत वापरली तर हाती लागत नाहीत, गाळ बसवायच्या पद्धतीनं बघा. बहुतेक जातींच्या अंड्याला एका टोकाला झाकण दिसेल. एकिनोस्टोमाचं अंडं मोठं, साधारण एक दशांश मिलिमीटर, आणि प्रोस्थोगोनिमसचं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं. यापुढे जात हवी तर अंड्यातून डीएनए काढावा लागतो, पण कवच चिवट असतं आणि विष्ठेत पीसीआर अडवणारे पदार्थ भरपूर, त्यामुळे अंडी धुवून, फोडून, मग किट वापरा. एका विष्ठेत दोन जातींची अंडी असू शकतात, तेव्हा सिक्वेन्सच्या आलेखात शिखरावर शिखर चढलेलं दिसतं.

१३. ब्लास्टमध्ये ९९ टक्के जुळलं, मग जात पक्की ना?

ब्लास्ट म्हणजे आपली सिक्वेन्स जीनबँकेतल्या सिक्वेन्सशी जुळवून बघणारं साधन, पण त्यातला आकडा तीन गोष्टी बघितल्याशिवाय पक्का नाही. पहिली, ९९ टक्के कितव्या लांबीवर? दोनशे अक्षरांवर जुळलं आणि बाकीची सहाशे जुळलीच नाहीत तर त्या आकड्याला अर्थ नाही. दुसरी, जीन कुठला? २८एसमध्ये ९९ टक्के म्हणजे नुसता जवळचा नातेवाईक असू शकतो, एनडी१मध्ये ९९ म्हणजे बहुतेक तीच जात. सगळ्या जीन्सना लागू होईल असा एक आकडा नाही. तिसरी आणि सगळ्यात त्रासाची, समोरच्या सिक्वेन्सला नाव कुणी आणि कशावरून दिलं? जीनबँक हे सार्वजनिक कोठार आहे, टाकणाऱ्यानं जे नाव दिलं ते तसंच राहतं. व्हाउचर नंबर, यजमान (ज्याच्यात किडा सापडला तो प्राणी), देश आणि छापलेला पेपर असलेल्या सिक्वेन्सवर जास्त भरवसा ठेवा. वरची पहिली ओळ कॉपी करून थीसिसमध्ये टाकू नका, झाड काढून बघा.

१४. माझ्या बदकातल्या किड्याला ३७ काटे आहेत, म्हणजे एकिनोस्टोमा रिव्होल्युटमच, बरोबर?

३७ काट्यांचा अख्खा गट आहे, रिव्होल्युटम त्यातला एक, मियागावाई दुसरा, आणि अजूनही आहेत. रिव्होल्युटम फ्रोलिखनं १८०२ मध्ये युरोपातल्या बदकातून लिहिला, आणि त्यानंतर जगभर जिथे ३७ काटे दिसले तिथे लोक हेच नाव देत गेले. नंतर डीएनए केला तर अमेरिकेतला रिव्होल्युटम आणि युरोप-आशियातला रिव्होल्युटम वेगळे वंशप्रवाह निघाले. त्यामुळे नुसते काटे मोजून थांबू नका, एनडी१ कराच. आणि आपल्या नवेगावबांधसारख्या तलावांवर हिवाळ्यात लांबून पाहुणी बदकं येतात, तर त्यांच्यासोबत बाहेरचे प्रवाहही येऊ शकतात हे डोक्यात ठेवा. काटे सहज गळतात, म्हणून मोजताना गळलेल्याच्या खाचाही बघा.

१५. गोगलगायीतून शेपटीवाली पिल्लं निघाली, ती कुठल्या फ्ल्यूकची हे कसं कळणार?

या कामात डीएनएला तोड नाही. गोगलगाय काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवून उजेडात ठेवली की सर्केरिया बाहेर पोहताना दिसतात. त्यांच्यात मोठ्या किड्याचे अवयव तयारच झालेले नसतात, त्यामुळे दिसण्यावरून फार तर गट सांगता येतो. पूर्वी एकच उपाय होता, ही पिल्लं पुढच्या प्राण्यात आणि मग पक्ष्यात वाढवून बघायची, महिने जायचे. आता सर्केरियाचा एनडी१ आणि कोंबडीतल्या किड्याचा एनडी१ जुळला की झालं, तुमच्या गावच्या साखळीची एक कडी सापडली.

अजून एक: धानाच्या बांधीत उतरल्यावर पायांना खाज-पुरळ येते त्यात पक्ष्यांच्या रक्तातल्या फ्ल्यूकच्या सर्केरिया असू शकतात आणि गुरांच्याही. दोघांच्याही शेपटीला शेवटी दोन फाटे, नुसत्या डोळ्यानं वेगळ्या करणं अवघड, डीएनएनं होतं.

१६. सिक्वेन्स आली पण ब्लास्ट केल्यावर कोंबडीच निघाली! किडा खोटा का?

किडा खरा आहे, त्याच्या पोटात कोंबडीचं रक्त किंवा ऊती होती. प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे धुतला का, आणि आतडं टाळून कडेचा तुकडा घेतला का, ते बघा. प्रायमर फार सर्वसाधारण असले तरी असं होतं.

१७. जीनचं भाषांतर केलं तर मधेच स्टॉप कोडॉन येतात, सिक्वेन्स खराब आहे का?

स्टॉप कोडॉन म्हणजे प्रोटीन इथे संपलं अशी तीन अक्षरांची खूण. बहुतेक वेळा सिक्वेन्स चांगली असते, कोड चुकीचा निवडलेला असतो. चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियाला वेगळा कोड आहे, सॉफ्टवेअरमध्ये तक्ता क्रमांक ९. त्यात टीजीए म्हणजे स्टॉप नाही, ट्रिप्टोफॅन. एजीए आणि एजीजी म्हणजे सेरिन, जे कणा असलेल्या प्राण्यांच्या तक्त्यात स्टॉप आहेत. आणि एएए म्हणजे लायसिन नाही, अ‍ॅस्परजिन. ९ निवडूनही स्टॉप राहिले तर मग आलेख उघडून एकेक अक्षर तपासा, कुठेतरी एखादं जास्तीचं किंवा गळलेलं असेल.

१८. आयटीएस एक जात सांगतो आणि मायटोकॉन्ड्रिया दुसरी, कुणाचं ऐकू?

आधी नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना ते बघा, व्हाउचरवरून परत डीएनए काढा. तरीही तसंच आलं तर संकराचा विचार करा. मायटोकॉन्ड्रिया सहसा आईकडूनच येतो, आयटीएस दोघांकडून, म्हणून संकरात दोघांची साक्ष वेगळी पडते. आशियात गुरांच्या फॅसिओलात हे चांगलं माहीत आहे, हेपॅटिका आणि जायगँटिका यांच्या मधल्या रूपांत एकीचा मायटोकॉन्ड्रिया आणि दुसरीचा किंवा दोघींचा आयटीएस सापडतो. अशा वेळी एका जीनवर नाव ठोकू नका, केंद्रकातला अजून एखादा जीन करा आणि दोन्ही निकाल जसेच्या तसे लिहा.

१९. माझी सिक्वेन्स कशाशीच नीट जुळत नाही, नवीन जात सापडली म्हणून जाहीर करू का?

थांबा थोडं. जीनबँकेत नाही याचा अर्थ फक्त एवढाच की अजून कुणी तिची सिक्वेन्स टाकलेली नाही. भारतात मायक्रोस्कोपवरून लिहिलेल्या कितीतरी जाती आहेत ज्यांचा डीएनए कुणी केलेला नाही, तुमचा किडा त्यातला एक असू शकतो. म्हणून पहिले जुनी वर्णनं काढा, तुमच्या रंगवलेल्या स्लाइडशी एकेक माप जुळवा. तरी वेगळी वाटली तर एकच किडा पुरणार नाही, निरनिराळ्या पक्ष्यांतून बरेच पाहिजेत, दोन-तीन जीन पाहिजेत, चित्रासकट वर्णन पाहिजे, आणि ज्याच्यावर नाव बसणार तो नमुना कोलकात्याच्या झूऑलॉजिकल सर्व्हेसारख्या संग्रहात जमा करायला पाहिजे. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची नोंदवही) नोंदही लागते. तोपर्यंत नावाच्या जागी वंश आणि पुढे 'स्पी.' (म्हणजे जात अजून ठरलेली नाही) लिहून सिक्वेन्स टाका, सोबत गाव, पक्षी, अवयव आणि व्हाउचर नंबर. पुढे कुणी तोच किडा मौद्यात किंवा गोंदियात काढला तर त्याला तुमच्या बाटलीपर्यंत पोचता आलं पाहिजे.